पंखाबंद शेठ

सोनं काट्यावर ठेवायच्या आधी तो पंखा बंद करायचा. बाकी काही सांगायच्या आधी हे सांगतो, कारण माझ्या आयुष्याची वीस वर्षं त्या एका बटणाने खाल्ली. माजलगावचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना कळेल. दुपारी बाराला सराफा लाईनीतली कुत्रीसुद्धा गटारीच्या कडेला जीभ काढून पडलेली असायची, आणि हा गृहस्थ गिऱ्हाईक समोर बसलं की हात वर करून बटण दाबायचा. खट्. पाती थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही. म्हाताऱ्या बायका पदराने वारा घ्यायला लागल्या की म्हणायचा, "माय, पदर बी थांबवा थोडा. काट्याला वारं लागायलंय."

त्याचं दुकान माझ्या दुकानाच्या बरोबर समोर. मधे दहा पावलांची गल्ली. अख्खा तालुका त्याला पंखाबंद शेठ म्हणायचा. मी तोंडावर शेठ म्हणायचो आणि घरी नुसतं 'समोरचा'. "समोरच्याकडं आज सकाळपासून रीघ होती," असं मी जेवताना म्हणालो की बायको ताटात भाकरी टाकत विचारायची, "तुमी दुकान चालवायलात का त्यांची राखण करायलात?"

हेवा वाटायचा हो, दुसरं काय! लपवून काय उपयोग? आमच्या गल्लीत दागिना घडवायला लोक माझ्याकडं यायचे. माझा कारागीर चांगला, माझ्याकडच्या डिझाईनी नव्या, बसायला गाद्या, वर पाहुणचाराला चहा. पण सोनं मोडायचं म्हटलं, विशेषतः ती बँकेची आणि सराफी पेढ्यांची नाणी मोडायची म्हटली, की माणूस माझ्या दारावरून सरळ समोर. वीस वर्षांत माझ्या पायऱ्या उतरून त्याच्याकडं गेलेली माणसं मी रोज बघितली. त्याच्या पायऱ्या उतरून, हातात सोनं घेऊन माझ्याकडं आलेलं एकही माणूस मला आठवत नाही. एक. फक्त एक माणूस तिकडून इकडं यावा, एवढीच माझी इच्छा होती. देवाला सांगायची लाज वाटायची म्हणून सांगितली नाही इतकंच.

त्याच्या दुकानाच्या दाराशी शाळेतल्यासारखी एक पाटी होती. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसून तो तिच्यावर खडूने दोन भाव लिहायचा. एक विकायचा, एक घ्यायचा. आम्ही बाकीचे सगळे एकच भाव लिहायचो, विकायचा. घ्यायचा भाव माणूस बघून, त्याची गरज बघून, बाहेर जीप थांबलीय की तो चालत आलाय ते बघून तोंडी सांगायचो. एकदा न राहवून मी त्याला म्हणालो, "शेठ, घ्यायचा भाव कशाला लिहिता? तो काय बाजारात सांगायचा असतो का?" त्याने खडूचे हात धोतराला पुसले आणि म्हणाला, "कावून? इकणारा बी बाजारातच आलाय की." मी हसलो. घरी आल्यावर मात्र हे वाक्य मला जेवू देईना.

त्याहून वाईट म्हणजे त्याची 'तिघांना इचारून या' ही सवय. कुणी नाणं घेऊन गेलं की हा बाबा ते हातातसुद्धा घ्यायचा नाही. "आधी गल्लीत तिघांना इचारून या. कागदावर लिहून आणा. मंग माझा भाव सांगतो." आता सगळ्यात जवळचं दुकान कुणाचं? माझं. म्हणजे दिवसातून पाच-सहा माणसं माझ्या दुकानात यायची, माझ्या गादीवर बसायची, माझं पाणी प्यायची, माझा भाव कागदाच्या चिटोऱ्यावर माझ्याच पेनाने लिहून घ्यायची आणि उठून समोर जायची. काही जण तर पेनही घेऊन जायचे.

म्हणून मी एसी बसवला. एवढा खर्च आमच्या लाईनीत तोवर कुणी केला नव्हता. म्हटलं, बघू आता. समोर घामाच्या धारा, इथं थंडगार, कोण जातंय तिकडं! पहिल्या दिवशी दुकान भरलं. मी हरखून गेलो. तलावाखालच्या गावांतले उसाचे बागायतदार, त्यांच्या बायका, सुना, सगळे ऐसपैस बसलेले. तासाभराने कळलं की त्यांचे नंबर समोर लागलेत आणि ही मंडळी माझ्याकडं नुसती गारव्याला बसलीत. समोरून तो हात करून एकेकाला बोलवायचा आणि एकेक उठून जायचा. जाताना एक आजी माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "लई पुण्य लागंल बाबा तुला."

आता ते भोकाचं सांगतो. हे सांगायला मला जड जातं, पण त्याच्याशिवाय तो माणूस कळायचा नाही.

आमच्याकडं एक रीत पडलीय. ऊसतोडीचा हंगाम संपवून माणसं परत येतात, तेव्हा ज्या बाईच्या हाती चार पैसे शिल्लक राहतात ती एखादं लहान नाणं घेते. नाणं येतं प्लॅस्टिकच्या पाकिटात, सील केलेलं, आत वजनाचा आणि शुद्धतेचा कागद. ते तसंच ठेवलं तर मोडताना कुणी काही बोलू शकत नाही. पण पाकिटातलं सोनं आमच्या बायांना सोनं वाटतच नाही. अंगाला लागलं पाहिजे. मग ते पाकीट दुकानातच टराटरा फाडायचं, नाण्याला भोक पाडून घ्यायचं आणि काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचं. पुढं मोडायची वेळ आली की शहरातली मोठी दुकानं त्या नाण्याला हात लावत नाहीत. मी भोक फुकट पाडून द्यायचो. लोकांना वाटायचं, काय दिलदार माणूस! भोकातून निघालेला सोन्याचा कीस मात्र खाली माझ्या पितळी ताटलीत पडायचा आणि तिथंच राहायचा. एका नाण्याचा कीस म्हणजे काहीच नाही, चिमूटसुद्धा नाही. पण हंगाम मोठा असतो आणि भोकं पुष्कळ असतात.

अशीच एक बाई तीन-चार वर्षांनी नाणं मोडायला समोरच्याकडं गेली. उन्हाने रापलेली, हाताला कोयत्याचे घट्टे. मी गल्ल्यावरून बघत होतो. खट्, पंखा बंद. त्याने नाणं ठेवलं, काटा तिच्याकडं फिरवला, चष्मा कपाळावर चढवला आणि तिला काहीतरी विचारलं. तिने बोट करून माझं दुकान दाखवलं. तो काहीतरी म्हणाला. बाई उठली, दहा पावलं चालली आणि माझ्या दुकानात, चार गिऱ्हाईकं आणि एक सरपंच बसलेले असताना, माझ्यापुढं हात पसरून म्हणाली, "भोकातलं सोनं द्या."

"कसलं सोनं बाई?"

"माझ्या नाण्याचं. भोक पाडलं तवा खाली पडलतं ते. समोरचे शेठ म्हणले, तुमचं हाय, मागून घ्या."

सरपंच खो-खो हसायला लागला. कीस कुठला आणि कुणाचा हे कसं सांगायचं? शेवटी ताटलीच्या कडेचा थोडा कीस कागदाच्या पुडीत बांधून तिच्या हातावर ठेवला. ती पुडी घेऊन परत समोर गेली. आता गंमत बघा, त्याने परत पंखा बंद केला! तेवढ्याशा किसासाठी! पुडी उघडली, तोलली, भाव लावला आणि पावतीवर नाण्याखाली वेगळी ओळ लिहिली. त्या दिवसापासून भोक पाडताना मला खाली पांढरा कागद धरावा लागला आणि कीस गिऱ्हाईकाच्या हातात द्यावा लागला. अख्ख्या लाईनीला द्यावा लागला. सगळे सराफ त्याच्या नावाने बोटं मोडायचे. मी तर जरा जास्तच.

तेव्हा मी ठरवलं की याला एकदा पकडायचाच. जगात एवढा सरळ माणूस असूच शकत नाही, कुठंतरी मेख असणार. काटा हलका असेल, शुद्धता तपासायचं मशीन कमी दाखवत असेल, काहीतरी. मी आतल्या खोलीत काम करणाऱ्या माझ्या कारागिराला नवा सदरा घातला, डोक्याला रुमाल बांधायला लावला आणि माझंच दहा ग्रॅमचं नाणं देऊन पाठवलं. म्हटलं, सांगायचं की मी लिंबागणेशचा शेतकरी, घरात लग्न काढलंय. कारागीर गेला. मी हिशेबाचं मशीन घेऊन तयार बसलो. अर्ध्या तासाने तो परत आला, पैसे आणि पावती माझ्यापुढं ठेवली. वजन बरोबर. भाव पाटीवरचा. घट शून्य. घट म्हणजे वितळवताना तूट येईल असं सांगून आम्ही आधीच जे कापून घेतो ते. शुद्ध नाण्याला घट लावायचं कारणच नसतं, पण आम्ही लावतो. समोरच्याने लावली नव्हती. आणि विकायच्या भावाचं नाणं घ्यायच्या भावाने गेल्यामुळे माझं नुकसान झालं ते वेगळंच.

"काही बोलला का?" मी विचारलं.

कारागीर खाली बघायला लागला. "माझी बोटं बगितली त्यांनी. म्हणले, ॲसिडानं जळालेली बोटं शेतकऱ्याची नसत्यात. मंग म्हणले, तुमच्या शेठला सांगा, पुढच्या टायमाला सोताच या म्हणावं. चहा पिऊ."

मी गेलो नाही. कशाला जाऊ? पण समोरच्याने कधी, चुकूनसुद्धा, ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडायला तरी काही सापडलं असतं.

माझी मोठी बहीण, आक्का, तलवाड्याला दिलेली. आमच्या वडिलांनी शेवटची तीन-चार वर्षं दिवाळीला माझ्या नावाने भाऊबीजेचं म्हणून तिला एकेक नाणं घातलं होतं. ते गेल्यावर मीही ती रीत दोन-तीन वर्षं चालवली. अशी सहा नाणी तिच्याकडं होती, सगळी पाकिटात. तिला गेवराईच्या रस्त्याला रसवंती टाकायची होती. नवरा, ती आणि सून मिळून चालवणार होते. रसाचं मशीन कुणीतरी जुनं विकायला काढलं होतं, चांगलं होतं, आणि चार नाणी मोडली की ते येत होतं. हे मला पुढं कळलं. तेव्हा ती नुसती एसटीने आली, दुकानात बसली, चहा घेतला. दोन गिऱ्हाईकं होती, मी त्यांच्यात गुंतलेलो. आक्काने सहज विचारल्यासारखं विचारलं, "नाण्याला काय भाव देतोस रे आजकाल?"

आणि मी सांगितलं. मान वर न करता, सवयीने, कुणालाही सांगतो तोच भाव सांगितला. घट धरून, वर थोडं आणखी कमी करून. जीभच तशी वळलेली होती. ती बहीण आहे हे माझ्या जिभेला कळायच्या आत भाव बाहेर पडला. आक्का "बरं" म्हणाली. कपबशी खाली ठेवली. "जरा बांगड्या बघून येते," म्हणाली आणि पिशवी सावरत उतरली.

बांगड्यांचं दुकान डावीकडं आहे. ती सरळ गेली. मी गल्ल्यावरून बघत होतो आणि मला वाटत होतं की आत्ता वळेल, आत्ता वळेल. ती त्याच्या पायऱ्या चढली. त्याने तिला ओळखलं असणार, कारण तो उठून उभा राहिला आणि हाताने माझ्या दुकानाकडं दाखवत काहीतरी बोलला. आक्काने मान हलवली. मग खट्. पंखा बंद झाला. गिऱ्हाईकं काय विचारत होती मला काही कळत नव्हतं. मला धावत जाऊन ती नाणी हिसकावून घ्यावीशी वाटत होती. वाटत होतं ओरडावं, अगं आक्का, मी तुला पाटीवरच्या भावापेक्षा जास्त देतो! पण मी उठलो नाही, कारण तिने मला विचारलं होतं आणि मी सांगून बसलो होतो.

संध्याकाळी मी तिला फोन केला. खूप बोललो. लोक काय म्हणतील, माझं नाक कापलंस, सख्ख्या भावाचं दुकान सोडून समोर गेलीस. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते बी हेच म्हणले. भाऊ समोर हाय, आधी त्यांना इचारून या, मंग बगू. मी म्हणलं, इचारलं. ते म्हणले, काय भाव सांगितला? मी सांगितला न्हाई. म्हणलं, जाऊ द्या शेठ, तुमी तोला." शेवटी म्हणाली, "तुजा भाव मी कुणालाच सांगितला न्हाई रे बाबा. घरी बी न्हाई." आणि फोन ठेवला. रसवंती सुरू झाली. मी उद्घाटनाला गेलो, रस प्यायलो, नारळ फोडला. समोरच्यालाही बोलावलं होतं. तो सगळ्यांच्या मागे लाकडी बाकड्यावर बसून ग्लासातला बर्फ बोटाने बाहेर काढत होता. माझ्या सख्ख्या बहिणीकडं तो असा बसला होता जसा काही घरचाच. मला तो रस गोड लागला नाही.

एवढं सगळं झालं तरी त्याचं माझ्याशी वागणं बदललं नाही. सकाळी पाटी लिहून झाली की तिथूनच हात करायचा. दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन पहिला माझ्याकडं यायचा. माझ्या कारागिराला ताप आला तेव्हा त्याने आपल्या कारागिराला दोन दिवस माझ्याकडं बसवलं. मी एकदा चिडून म्हणालो, "शेठ, तुमच्या त्या पंख्याने वजनात एक गुंजभर तरी फरक पडतो का हो? काट्याला काचेची पेटी लावा की नवीन." तो म्हणाला, "वजनात न्हाई पडत, मला बी माहीत हाय. पर समोर बसलेल्याच्या मनात पडतो. त्याच्या मनातलं वारं बंद कराया लागतं आधी."

मग त्याचा हात थरथरायला लागला. आधी खडू धरताना. पाटीवरचे आकडे वाकडे यायला लागले, तरी तो फडक्याने पुसून परत परत लिहायचा. मी दुकानातून बघायचो. खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरं वाटलं. वाटलं, चला, आता सुटलो. पुढं त्याला चिमट्याने नाणं काट्यावर ठेवता येईना. ठेवलं तरी हाताचा धक्का लागून आकडा स्थिर होईना. एका गिऱ्हाईकासमोर त्याने चार वेळा प्रयत्न केला, आणि पाचव्या वेळी चिमटा खाली ठेवून म्हणाला, "माय, माफी करा. आज न्हाई तोलत." त्या आठवड्यात त्याने पाटी लिहिणं थांबवलं. बायको दोन वर्षांपूर्वीच गेलेली. दोन मुली, एक पुण्याला, एक लातूरला. पुण्याची न्यायला येणार आहे असं कळलं.

जायच्या दोन-तीन दिवस आधीची गोष्ट. दुपारची वेळ. दुकानात मी आणि कारागीर दोघंच. समोर शटर अर्धं खाली आलं आणि तो बाहेर आला. हातात रुमालाची पुरचुंडी. त्याने पायऱ्या उतरल्या. एकेक, कठडा धरून. मला वाटलं औषधाच्या दुकानात चालला असेल. पण तो सरळ आला. गल्लीच्या मधोमध थांबून श्वास घेतला आणि माझ्या पायऱ्या चढायला लागला. मी उठून हात द्यायला पुढं झालो तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. गिऱ्हाईक हाय मी."

गादीवर बसून त्याने पुरचुंडी सोडली. पाच नाणी होती, पाकिटातली. "मंडळीची हायेत. दर पाडव्याला एक घ्यायची. सांगून गेली, दोगी पोरींना सारखी द्या. आता पाचाची दोन कशी करायची? मोडायची आन् निम्मं निम्मं द्यायचं."

"पण शेठ, तुमचं स्वतःचं दुकान..."

"घरचं सोनं घरच्या काट्यावर तोलायचं न्हाई. मन पुढं पळतंय."

पण जुनी खोड जाते का? मी म्हणालो, "तिघांना विचारून आलात का?"

तो हसला. दात पडलेलं हसू. "न्हाई. इथंच पहिल्यांदा आलो. दुसरीकडं जायचं बी न्हाई."

वीस वर्षं ज्या माणसाची वाट बघितली तो माणूस समोर बसला होता. त्याच्या पायऱ्या उतरून, हातात सोनं घेऊन माझ्याकडं आलेला एकुलता एक माणूस, आणि तो नेमका हाच असावा! मी उठलो. एसी बंद केला. पंखा बंद केला. कारागीर माझ्याकडं बघतच राहिला. पाती थांबेपर्यंत तिघंही गप्प होतो. मी पाकिटं उघडून एकेक नाणं ठेवलं, काटा त्याच्याकडं फिरवला. तो रस्त्याकडं बघत होता.

"शेठ, काट्याकडं बघा की."

"कावून? तुमी बगायलात न्हवं?"

त्याला हे असं बोलायची काय गरज होती? काट्यावरचा आकडा मला दिसेना. डोळे पुसून परत वाचला. मग मी भाव सांगितला. जोरात, कारागिरालाही ऐकू जाईल असा. विकायचा भाव सांगितला मी, पूर्ण, एक पैसा कमी नाही. मनात म्हटलं, घ्या! तुम्ही आयुष्यात कुणाला एवढा दिला नसेल.

त्याने मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "हा तर तुमचा इकायचा भाव झाला. घ्यायचा सांगा."

"असू द्या हो शेठ. तुमच्याकडून काय कमवायचंय?"

"तसं नगं." आवाज मऊ होता. "माझ्याकडून कमवा. चार जणांकडून कमावताव तेवढंच कमवा. जास्तीचे द्याल तर ते पोरींना मी काय म्हणून देऊ? सोन्याचे म्हणून का तुमच्या उपकाराचे म्हणून? मोडीचा जो खरा भाव हाय तो सांगा."

मला खरा भाव माहीत होता. वीस वर्षं रोज समोर पाटीवर वाचला होता. तो मी सांगितला. त्याने मान डोलावली. मी पावती लिहिली, वजन, शुद्धता, भाव, घट शून्य. माझ्या दुकानातली तशी ती पहिली पावती. रक्कम दोन्ही मुलींच्या खात्यांवर निम्मी निम्मी पाठवली आणि त्याला मोबाईल दाखवला. तोही त्याने पाहिला नाही. उठताना म्हणाला, "आता पंखा लावा. वजन झालं." दारात थांबून परत वळला. "चहा राहिलाच बगा आपला."

मी म्हटलं, "आत्ता मागवतो." तो म्हणाला, "नगं, गोळी घ्यायचीय." आणि गेला. एवढी वर्षं मी त्या चहाला गेलो नव्हतो.

पुण्याला तो वर्षभर होता. तिथंच गेला. कळलं तेव्हा लाईनीतली दुकानं अर्धा दिवस बंद होती, माझंही होतं. त्याच्या जागेत आता मोबाईलचं दुकान आहे, दिवसभर गाणी लावतात. मी माझ्या दाराशी पाटी लावली. दोन भाव लिहितो. वजन करताना एसी आणि पंखा बंद करतो. लोक म्हणतात, "अगदी पंखाबंद शेठसारखं करायलेत!" मला अस्सा राग येतो! काटा माझा, पाटी माझी, खडू माझा, वीजबिल माझं, आणि नाव त्याचं.

परवा आक्का आली. केस पांढरे झालेत, रसवंतीचं आता हॉटेल झालंय. गादीवर बसून तिने पिशवीतून दोन पाकिटं काढली. सहामधली राहिलेली दोन. नातीच्या शिक्षणासाठी मोडायची होती. मी उठून सगळं बंद केलं. पांढरा कागद अंथरला, नाणी ठेवली, काटा तिच्याकडं फिरवला. आक्काने चष्मा लावला, वाकली, आकडा थांबेपर्यंत बघत राहिली आणि तोंडाने मोठ्यांदा वाचला. मी पाटीवरचा भाव सांगितला. ती म्हणाली, "बरोबर हाय."

आनंद माझ्या पोटात मावेना. मी म्हणालो, "शेवटी आलीस ना भावाकडं? का आता समोर दुकान राहिलं नाही म्हणून?"

"तसं न्हाई रे." ती चष्मा पुसायला लागली. "ते पुण्याला जायच्या आधी मी भेटाया गेलते त्यांना. ही दोन नेलती संगं. म्हणलं, पुढं गरज पडंल तवा तुमी नसताव, जाता जाता एवढी तोलून द्या. तर म्हणले, आक्का, माझा हात गेला. आता ही भावाकडंच मोडा. मी परवा त्यांच्याकडं माझी मोडून आलो, काटा एकदम सरळ हाय."

म्हणजे माझी सख्खी बहीणसुद्धा मला त्यानेच परत पाठवली होती. समोरून चालत येऊन, पाच नाणी मोडून, माझा काटा पारखून मग पाठवली होती. जाता जाता एवढंही माझं म्हणून ठेवलं नाही त्या माणसाने!

आक्का म्हणाली, "अरे, पंखा तरी लाव आता. वजन झालं की."

दोघंही घामाने निथळत होतो. मला बटण सापडेना.